शरीराचा जमाखर्च



शहरांतील पुष्कळ सुशिक्षित घरांत अलीकडे एका नव्या वहीची भर पडली आहे. वाण्याची उधारी, दूधवाल्याचा हिशेब आणि विजेचें बिल यांच्या जोडीला आतां शरीराचाहि जमाखर्च मांडला जाऊं लागला आहे. ही वही कागदाची नव्हे. ती मनगटावरच्या घड्याळांत अथवा खिशांतील मोबाइलमध्यें असते. सत्तर किलो वजनाचा एखादा गृहस्थ सकाळीं तासभर फिरून येतो, दारांतच घड्याळाकडे पाहतो आणि "आज तीनशें वीस जळले" असें घरच्या मंडळींस समाधानानें सांगतो. त्या तीनशें विसांच्या भरंवशावर न्याहारीला एक बटाटेवडा अधिक घेतला जातो. दोन महिन्यांनीं वजन पाहावें तर कांटा होता तेथेंच! मग व्यायामाचा कांहीं उपयोग नाहीं असा निकाल देऊन फिरणेंच बंद पडतें. एका चांगल्या संवयीचा असा अकालीं शेवट होऊं नये, यासाठीं हा खर्च मोजतात कसा, घड्याळांतल्या आंकड्यावर विश्वास किती ठेवावा, आणि ही वही कोणत्या कामासाठीं वापरावी, याविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

हा हिशेब ज्या मापानें होतो तें माप प्रथम समजून घेऊं. एक किलो पाण्याचें उष्णतामान एका सेंटिग्रेड अंशानें वाढविण्यास जेवढी उष्णता लागते तेवढी म्हणजे आहारशास्त्रांतील एक कॅलरी. मराठींत तिला उष्मांक म्हणतात. आपण आज तोच शब्द वापरूं. एक ग्रॅम साखर, पिष्ट किंवा प्रथिन यांपासून शरीरास सुमारें ४ उष्मांक मिळतात. एक ग्रॅम तूप अथवा तेल सुमारें ९ उष्मांक देतें. म्हणजे चहांत घातलेला पांच ग्रॅम साखरेचा चमचा २० उष्मांकांचा, आणि वरणभातावर वाढलेलें तेवढेंच तूप ४५ उष्मांकांचें. हे दोन आंकडे लक्षांत असूं द्यावे. पुढें ते उपयोगीं पडतील.

अन्न तोलून जमेची बाजू काढतां येते. पण खर्चाची बाजू कशी काढावयाची? या प्रश्नाला पहिलें समर्पक उत्तर १७८२-८३ च्या हिवाळ्यांत पॅरिसमध्यें मिळालें. लाव्हाझिए आणि लाप्लास या दोन शास्त्रज्ञांनीं एका गिनीपिगास बर्फानें वेढलेल्या भांड्यांत ठेवलें. त्याच्या अंगच्या उष्णतेनें किती बर्फ वितळला तें त्यांनीं तोललें, आणि त्याच्या श्वासावाटें किती कर्बाम्ल वायु बाहेर पडतो तेंहि मोजलें. तेवढा वायु निर्माण होईल इतका कोळसा जाळला असतां वितळणारा बर्फहि त्याच्या जवळपास भरतो असें त्यांस आढळलें. श्वसन म्हणजे एक प्रकारचें मंद ज्वलन होय, हा सिद्धांत यांतून निघाला. पुढें १७९० च्या सुमारास लाव्हाझिएनें सेगँ या आपल्या सहकाऱ्यावर प्रयोग केले. स्वस्थ बसला असतां, जेवल्यानंतर आणि श्रम करतांना तो किती प्राणवायु घेतो हें मोजतां, जेवणानें हें प्रमाण वाढतें आणि श्रमांनीं तर तें फारच वाढतें असें दिसून आलें. १७९४ सालीं फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमींत लाव्हाझिएचा शिरच्छेद झाला. परंतु त्यानें दाखविलेली वाट बुजली नाहीं. आजहि प्रयोगशाळेंत मनुष्याच्या तोंडावर मुखवटा बसवून तो किती प्राणवायु घेतो हें मोजतात, आणि दर लिटर प्राणवायूमागें सुमारें ५ उष्मांक या दरानें खर्च काढतात.

यानंतर सुमारें शंभर वर्षांनीं, १८९० नंतरच्या दशकांत, अमेरिकेंतील मिडलटाउन येथल्या वेस्लियन विद्यापीठांत ॲटवॉटर आणि रोझा यांनीं मनुष्य आंत राहूं शकेल अशी एक लहानशी बंद खोलीच उभारली. तींत माणसें कांहीं दिवस राहत, जेवत, झोंपत आणि एका जागीं खिळविलेली सायकल चालवीत. आंत जाणाऱ्या अन्नाचा आणि बाहेर येणाऱ्या उष्णतेचा ताळा घातला असतां तो उत्तम रीतीनें जुळला. आगगाडीच्या इंजिनास जो नियम लागू, तोच मनुष्यदेहासहि लागू आहे, हें त्यामुळें सिद्ध झालें. शरीराच्या वहींत पैशाचाहि घोटाळा होत नाहीं. घोटाळा होतो तो आपण बाहेरून त्या वहीची नक्कल करूं पाहतों तेव्हां.

आतां हा खर्च कोणकोणत्या खात्यांवर पडतो तें पाहूं. अशीं खातीं मुख्यतः तीन आहेत. सर्वांत मोठें खातें निव्वळ जिवंत राहण्याचें. आपण डोळे मिटून निश्चल पडलेले असलों तरी हृदय, यकृत, मूत्रपिंडें यांचें काम अहोरात्र चालूच असतें. एकटा मेंदूच या विश्रांतीच्या खर्चाचा सुमारें पांचवा हिस्सा घेतो. पंचेचाळीस वर्षांच्या, १५५ सेंटिमीटर उंचीच्या व ६० किलो वजनाच्या एखाद्या बाईंचा हा खर्च आज रूढ असलेल्या सूत्राप्रमाणें दिवसास सुमारें ११८० उष्मांक येतो. बहुतेक शहरी माणसांच्या बाबतींत एकंदर खर्चापैकीं अर्ध्याहून बराच अधिक भाग याच खात्यांत जातो. दुसरें खातें अन्न पचविण्याचें. त्यास सुमारें दहावा हिस्सा लागतो. उरलेलें तिसरें खातें हालचालीचें. आपल्या हातीं असलेलें खातें काय तें हेंच.

येथेंच एक इशारा देऊन ठेवतों. विश्रांतीच्या खर्चाचीं सूत्रें बहुतांशीं पाश्चात्त्य लोकांच्या मापांवरून बसविलेलीं आहेत. एलिनॉर मेसन व फ्रान्सिस बेनेडिक्ट यांनीं दक्षिण हिंदुस्थानांतील स्त्रियांविषयींचें आपलें संशोधन १९३१ सालीं प्रसिद्ध केलें, तेव्हांच त्यांचा विश्रांतीचा खर्च अमेरिकन मानकांहून लक्षणीय कमी असल्याचें दिसलें होतें. परदेशीं सूत्रें हिंदी शरीरास लावलीं तर आंकडा थोडा फुगतो, असें पुढच्या संशोधनांतहि आढळून आलें आहे. तेव्हां आपलें घड्याळ पहिल्याच ओळींत थोडें उदार असण्याचा संभव आहे.

हालचालीचा खर्च काढण्याची रीत सोपी आहे. स्वस्थ बसलें असतां दर किलो वजनामागें दर तासास सुमारें एक उष्मांक खर्च होतो, असें धरून चालतात. या प्रमाणाला 'मेट' असें नांव आहे. मग प्रत्येक काम याच्या कितीपट आहे हें प्रयोगानें ठरवून त्यांची एक मोठी सूची तयार करण्यांत आली. ती प्रथम १९९३ सालीं प्रसिद्ध झाली आणि तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या त्यानंतरहि निघाल्या आहेत. २०११ सालच्या आवृत्तींत केर काढणें सव्वातीन पटींच्या आसपास आहे, बेताच्या वेगानें चालणें साडेतीन पट, कपडे हातानें धुणें चार पट आणि ताशीं साडेनऊ-दहा किलोमीटर वेगानें पळणें जवळजवळ दहा पट आहे. औंधच्या पंतप्रतिनिधींनीं ज्यांचा आपल्या संस्थानांतल्या शाळांपासून परदेशापर्यंत हिरिरीनें प्रसार केला, त्या सूर्यनमस्कारांनाहि या सूचींत स्थान आहे. त्यांचा आंकडा ३.३, म्हणजे केर काढण्याइतकाच, दिला आहे. नमस्कार किती वेगानें घालतां यावर अर्थातच पुष्कळ अवलंबून आहे.

आतां आपल्या त्या गृहस्थांचा हिशेब करून पाहूं. वजन सत्तर किलो, चालणें साडेतीन पट, वेळ एक तास. गुणाकार २४५ उष्मांकांचा झाला. परंतु हे सर्व २४५ कांहीं फिरण्यामुळें खर्च झालेले नाहींत. फिरावयास न जातां ते घरीं वर्तमानपत्र वाचीत बसले असते, तरी त्या तासांत त्यांचे ऐंशी-नव्वद उष्मांक खर्च झालेच असते. ते वजा केले पाहिजेत. म्हणजे फिरण्याच्या नांवें खरोखर जमा धरावयाचे ते सुमारें १६०. घड्याळानें सांगितले ३२०, निघाले निम्मे! आणि हे निम्मे परत येण्यास एक चांगला तळलेला बटाटेवडा सहज पुरतो. कांटा हलला नाहीं यांत नवल तें काय?

घड्याळ मुद्दाम खोटें बोलतें असें मात्र नाहीं. त्यास प्राणवायु मोजतां येत नाहीं. त्यास कळतें तें हाताचें हेलकावणें, नाडीचे ठोके, आणि आपण भरून दिलेलें वय, उंची व वजन. यावरून तें अदमास बांधतें. कणीक तिंबतांना हात हलतो, तर त्याचीं कधीं कधीं पावलें मोजलीं जातात. उलट दोन्हीं हातांत भरलेल्या बादल्या घेऊन चालणाऱ्या बाईंचे हात स्थिर राहतात, म्हणून श्रम अधिक असूनहि पावलें हुकण्याचा संभव असतो. चहा घेतल्यानें किंवा रागावल्यानेंहि नाडी वाढते; पण त्यांत कांहीं व्यायाम नाहीं. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत मनगटीं बांधावयाच्या सात यंत्रांची साठ स्वयंसेवकांवर परीक्षा करण्यांत आली. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षाप्रमाणें, सातांपैकीं सहा यंत्रांची नाडी मोजण्यांतली चूक शेंकडा पांचाहून कमी होती. परंतु उष्मांकांच्या बाबतींत सर्वांत चांगल्या यंत्राची सरासरी चूक शेंकडा २७ आणि सर्वांत वाईटाची ९३ निघाली. यंत्रें पुढेंहि सुधारत राहतील. पण नाडीवरून उष्मांक काढणें हा तर्क आहे, मोजमाप नव्हे, हें विसरूं नये.

यंत्राच्या मदतीवांचूनहि श्रमाची किंमत अजमावतां येते. साठ किलोच्या देहास एक मजला, म्हणजे तीन मीटर, उंच नेण्याचें निव्वळ यांत्रिक काम अर्ध्या उष्मांकाहूनहि कमी भरतें. आपले स्नायु जाळलेल्या इंधनापैकीं सुमारें चौथा भागच कामाच्या रूपानें देतात. बाकीचें उष्णता होऊन जातें. म्हणून एका मजल्यास सुमारें पावणेदोन उष्मांक लागतात. गिरगांवांतील चाळींत चौथ्या मजल्यावर राहणारा मनुष्य दिवसांतून तीनदां जिना चढला, तर चहांतली एक चमचा साखर फिटते! पुणेकरांच्या आवडीचा सिंहगड घ्या. पायथ्यापासून अदमासें ६०० मीटरांचा चढ, म्हणजे दोनशें मजले. साठ किलोच्या मनुष्यास त्यासाठीं सुमारें ३४० उष्मांक पडतात, आणि तेवढे अडतीस ग्रॅम तेलांत असतात. गडावर पोंचल्यावर कांदाभज्यांच्या दोन बशा पुढें आल्या कीं तेथल्या तेथें हिशेब चुकता!

याहूनहि विचार करावयास लावणारी गोष्ट पुढेंच आहे. मनुष्यास खोलींत न कोंडतां त्याचा खर्च मोजण्याची एक युक्ति मिनेसोटा विद्यापीठांतील नेथन लिफ्सन यांनीं १९५५ सालीं प्रसिद्ध केली. ज्यांतील हायड्रोजन आणि प्राणवायु हे दोन्ही नेहमींपेक्षां जड प्रकारचे आहेत असें पाणी प्यावयास द्यावयाचें. हायड्रोजन शरीराबाहेर पडतो तो केवळ पाण्याच्या रूपानें. प्राणवायु पाण्याच्या रूपानें आणि कर्बाम्ल वायूच्या रूपानेंहि. कांहीं दिवस लघवी तपासून या दोहोंच्या घटण्यांतला फरक काढला कीं कर्बाम्ल वायु किती तयार झाला, आणि त्यावरून एकंदर खर्च किती, हें कळतें. १९८२ सालापासून ही पद्धति मनुष्यांवर वापरली जात आहे.

टांझानियांत हाड्झा म्हणून शिकार व कंदमुळें यांवर राहणारे लोक आहेत. अन्नासाठीं ते रोज मैलच्या मैल चालतात. हर्मन पाँट्झर आणि त्यांचे सहकारी यांनीं हें पाणी पाजून त्यांचा खर्च मोजला. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें, देहाचें आकारमान लक्षांत घेतां, त्यांचा एकंदर दैनिक खर्च पाश्चात्त्य शहरी माणसांहून वेगळा निघाला नाहीं. पाँट्झर यांचा अर्थ असा कीं, श्रम नित्याचे झाले म्हणजे शरीर दुसऱ्या खात्यांत काटकसर करतें. ही काटकसर कितपत होते याविषयीं शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण फिरण्यांत १६० खर्चले म्हणजे दिवसाच्या बेरजेंत १६० वाढलेच, असें गृहीत धरतां येत नाहीं, एवढें खरें. त्यांतच श्रमानें भूक वाढते, आणि फिरून आलेला मनुष्य उरलेला दिवस खुर्चींत काढतो. जातां जातां हेंहि सांगतों कीं, याच पद्धतीनें सहा हजारांहून अधिक लोकांची मापें एकत्र करून २०२१ सालीं असें दाखविण्यांत आलें कीं, देहाच्या आकाराच्या मानानें खर्च विसाव्या वर्षापासून साठीपर्यंत जवळजवळ स्थिर राहतो. तेव्हां चाळिशींतल्या पोटाचा दोष जठराग्नीवर ढकलण्याची सोयहि आतां उरलेली नाहीं.

हें सर्व ऐकून कोणी विचारील कीं, मग व्यायाम करावयाचा तरी कशाला? त्याचें उत्तर लंडनच्या बसगाड्यांत आहे. मुंबईकरांच्या चांगल्या परिचयाच्या असलेल्या दुमजली बसगाड्या लंडनमध्यें होत्या. त्यांत ड्रायव्हर दिवसभर बसून असे, तर कंडक्टर तिकिटें देण्यासाठीं सारखा वर-खालीं करी. डॉ. जेरेमी मॉरिस आणि त्यांचे सहकारी यांनीं या दोन वर्गांची तुलना करून १९५३ सालीं असें दाखविलें कीं, हृदयाच्या रोहिणींच्या विकाराचें प्रमाण कंडक्टरांत ड्रायव्हरांपेक्षां कमी आहे. मॉरिस चिकित्सक गृहस्थ होते. ड्रायव्हरांना गणवेशाच्या विजारी कमरेला अधिक रुंद लागतात, म्हणजे ते मुळांतच स्थूल होते कीं काय, ही शंका त्यांनीं स्वतःच पुढें तपासून प्रसिद्ध केली. पण नंतरच्या अनेक देशांतील संशोधनानें मूळ मुद्दा बळकटच झाला आहे. आतां गंमत पाहा. कंडक्टरच्या दिवसभराच्या पांच-सातशें पायऱ्यांचा हिशेब आपल्या वरच्या रीतीनें केला, तर तो शंभर उष्मांकांपर्यंतहि जात नाहीं! तराजूंत ज्याचें वजन पांच चमचे साखरेइतकें, त्या श्रमाचा संबंध हृदयाशीं मात्र इतका निकटचा. आकुंचन पावणारा स्नायु रक्तांतली साखर शोषून घेतो. नियमित व्यायामानें रक्तदाब थोडा उतरतो. हृदयास तेंच काम कमी ठोक्यांत करतां येतें. यांपैकीं एकहि लाभ उष्मांकांच्या रकान्यांत दिसत नाहीं.

यासाठींच पावलांच्या आंकड्याचेंहि अवडंबर नको. दहा हजार पावलांचा मंत्रच घ्या. टोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांनंतर, १९६५ सालीं, जपानांत पावलें मोजणारें एक यंत्र विक्रीस आलें; त्याच्या जपानी नांवाचा अर्थच 'दहा हजार पावलांचें मापक' असा होता. सरासरी बहात्तर वर्षांच्या सुमारें सतरा हजार अमेरिकन स्त्रियांच्या २०१९ सालच्या अभ्यासांत, दिवसास ४४०० पावलें चालणाऱ्यांचें मृत्यूचें प्रमाणहि सर्वांत कमी चालणाऱ्यांपेक्षां बरेंच कमी आढळलें, आणि ७५०० च्या पुढें अधिक लाभ दिसला नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या शिफारशींत प्रौढांनीं आठवड्यास १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रमाची हालचाल करावी असें सांगितलें आहे, आणि ती एका वेळीं अमुक मिनिटें झालीच पाहिजे अशी अट नाहीं. म्हणजे केर काढणें, कपडे हातानें धुणें, बाजारांतून पिशव्या घेऊन पायीं येणें हीं सर्व कामें या खात्यांत जमा होतात. ज्या घरांत गृहस्थाचें फिरणें 'व्यायाम' म्हणून मोजलें जातें आणि गृहिणीचे श्रम कोणत्याच वहींत येत नाहींत, त्या घराची वही अपुरी आहे. तसेंच, हीं कामें करून थकलेल्या बाईंना स्वतःसाठीं मोकळ्या हवेंत चालावयास वेळ मिळतो कीं नाहीं, हेंहि त्याच वहींत पाहिलें पाहिजे.

मग ही वही ठेवावी कशी? माझी सूचना अशी कीं, खर्चाच्या रकान्यांत उष्मांकांऐवजीं मिनिटें लिहावीं. किती मिनिटें अशीं गेलीं कीं बोलतां येत होतें पण गातां आलें नसतें? तोच मध्यम श्रम होय, आणि तो ओळखण्यास कोणतेंहि यंत्र लागत नाहीं. घड्याळ हातीं असेल तर त्याचा आंकडा शेजाऱ्याच्या आंकड्याशीं ताडूं नये. त्याच घड्याळावर आपला हा आठवडा आणि मागला आठवडा यांचीच तुलना करावी. खर्चलेल्या उष्मांकांची खाण्याशीं वजाबाकी मुळींच करूं नये. वजन उतरवावयाचें असेल तर तें मुख्यतः ताटांतल्या वाढपावर अवलंबून आहे. एक किलो चरबींत सुमारें ७७०० उष्मांक असतात, आणि रोजच्या १६० नें तें देणें फेडण्यास कागदावरच अठ्ठेचाळीस दिवस लागतात. ज्यांस हृदयविकार आहे, किंवा जे मधुमेहासाठीं इन्शुलिन घेतात, त्यांनीं श्रम वाढविण्यापूर्वीं आपल्या डॉक्टरांस विचारावें. इन्शुलिन घेणाऱ्यांची साखर व्यायामानें एकाएकीं उतरूं शकते. वाढत्या वयाच्या मुलामुलींच्या हातीं तर ही उष्मांकांची वही देऊंच नये. त्यांना मैदान द्यावें.

आणि वजनाचा कांटा हलला नाहीं म्हणून फिरणें सोडूं नये. जिन्याच्या तिसऱ्या मजल्यावर पूर्वीं लागणारी धाप आतां लागत नाहीं, ही नोंद कोणत्याहि घड्याळांत उमटत नसली, तरी जमेच्या बाजूची सर्वांत मोठी रक्कम तीच आहे.